त्रिशलाक्का आणि कर्नलसाहेब

पंचधारा साखर कारखान्याच्या गाडीतळावरचे बैल त्रिशलाक्कांचा आवाज ओळखायचे. हे मी कौतुकानं सांगत नाही, अकरा हंगाम वजनकाट्यावर बसून डोळ्यांनी बघितलंय. सकाळी नऊला तळावरच्या चारी भोंग्यांतून “हॅलो, हॅलो, गाडीवान मंडळी” एवढं आलं की रवंथ करत बसलेली जनावरं धडपडत उभी राहायची. गाडीवान अजून चहात बटर बुडवत असायचा आणि बैल निघायच्या तयारीत.

त्रिशला भूपाल मगदूम. माहेर कुरुंदवाड, सासर कसबा बावडा. मॅट्रिक झालेल्या, इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिलेल्या, शहाऐंशी साली आमच्याकडं टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलेल्या. फोनच्या बोर्डाशेजारीच गाडीतळाचा माइक होता. आधीच्या पुकारणाऱ्याचा घसा बसला, तो दोन दिवस रजेवर गेला, आणि त्या दोन दिवसांसाठी अक्कांच्या हातात आलेला माइक पुढं कुणी परत मागितलाच नाही. कुरुंदवाड, नांदणी, शिरढोण, हेरवाड असे गावांवरून नावं पडलेले सात गट होते. कुठल्या गटातली कुठली गाडी आता काट्यावर आणायची, ते अक्का पुकारायच्या. सीमेकडच्या कानडी बोलणाऱ्या गाडीवानांना मधेच “लगू बर्री अण्णा, लगू”, म्हणजे लवकर या, अशी हाळी. कुणाचा डोळा लागलेला दिसला तर, “शिरढोणकर, तुमचं बैल उठल्यात, आता तुमीबी उठा” हे चारी भोंग्यांतून जायचं आणि अख्खा तळ हसायचा.

स्वतः अक्का तर हसण्यासाठीच जन्माला आलेल्या. एकदा हसू सुटलं की कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून द्यावा लागायचा.

शहाण्णव साली कारखान्यात संगणक आला. काचेची खोली झाली, बाहेर चपला काढायची पाटी लागली. आत एक मोठं यंत्र आणि त्याला वायरीनं जोडलेले चार पडदे. गाड्यांचे नंबर लावायचा प्रोग्राम पुण्याच्या एका कंपनीनं लिहिला होता. तो बसवायला बेहेरे नावाचा तरुण इंजिनिअर आठ दिवस मुक्कामाला आला. यादी अक्कांनाच वाचायची असल्यामुळं एक पडदा त्यांच्या टेबलावर आला.

बेहेऱ्यांनी समजावून सांगितलं, “मॅडम, तुम्ही गटाचा आकडा दाबायचा. यादी छापून येईल. बाकी कशाला हात लावायचा नाही.”

“नाही लावत. पण बाकी म्हंजे काय काय हाय ते तरी बघतो की,” अक्का म्हणाल्या.

समोरची बाई ‘बघतो’ म्हणाली म्हणून बेहेरे जरा दचकले. कोल्हापुरात बायका असंच बोलतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सावरून त्यांनी सहज एक गोष्ट दाखवली आणि तिथंच त्यांचे आठ दिवस गेले.

“इथं टाइप करा, पी डब्ल्यू डी.”

“पीडब्ल्यूडी? रस्त्याचं खातं? ते हितं काय करतंय?”

“ते नव्हे हो. यंत्रात तुम्ही आत्ता कुठल्या जागी उभ्या आहात, ते यानं कळतं.”

अक्कांनी टाइप केलं. पडद्यावर एक तिरकी रेघ आणि पुढं यू एस अशी दोन अक्षरं आली. उसाच्या सगळ्या फाइली ज्यात होत्या त्या कप्प्याचं नाव कंपनीनं ऊस ठेवलं होतं.

“म्हंजे मी उसात उभा हाय?”

“हो.”

झालं. पाण्याचा तांब्या मागवावा लागला.

मग सी डी आलं. सी डी टाइप करून पुढं कप्प्याचं नाव द्यायचं, की यंत्रातली आपली उभं राहायची जागा बदलते. ऊस या कप्प्याच्या पोटात सात गटांचे सात कप्पे होते. अक्कांनी सगळ्यात आधी कुरुंदवाड गाठलं आणि “पोचलो!” असं एवढ्यांदा ओरडल्या, की शेजारच्या खोलीतून अकाउंटंट बघायला आला. सी डी आणि दोन टिंबं दिली की एक पायरी वर. वरून आणखी वर. शेवटी पडद्यावर नुसती एक तिरकी रेघ उरली. अक्कांनी पुन्हा दोन टिंबं दिली. तीच रेघ. पुन्हा दिली. तीच.

“आता वर का जाईना?”

“वर काही नाहीच मॅडम. हे मूळ. इथं संपलं.”

“अगं बाई, सिद्धशिलाच की हो ही!”

बेहेऱ्यांना कळेना. मग अक्कांनी त्यांना जैनांच्या घरात लहानपणी सांगतात तसं सांगितलं. सगळ्या लोकाच्या, म्हणजे विश्वाच्या, माथ्यावर सिद्धशिला. मुक्त झालेला जीव तिथवर चढतो आणि थांबतो, कारण त्याच्या वर जायला वाटच नाही. “आमच्या सासूबाई साठ वरसं उपास करत्यात तिथं पोचायला. मी दोनदा टिंबं देऊन आलो!”

बेहेरे पुण्याला परत गेले ते एका जाड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स अक्कांच्या टेबलावर ठेवून. त्यात सी नावाच्या भाषेत प्रोग्राम कसे लिहायचे ते होतं. आम्हाला वाटलं, आता ती झेरॉक्स शेव बांधायच्या कामाला येणार. पण दुपारी फोन थंडावले की अक्का ती उघडून बसायच्या. अडलं की बेहेऱ्यांना फोन. फोनचा बोर्ड त्यांच्याच हातात, लाइन मिळायला अडचण नव्हती. घरी भूपाल मगदूम म्हणजे त्यांचे यजमान, हायस्कूलला चित्रकलेचे शिक्षक. यंत्रातले कप्पे दाखवायला बायकोनं उलटं झाड काढून मागितलं, मूळ वर आणि फांद्या खाली. त्यांनी एक शब्द न विचारता मोठ्या ड्रॉइंगपेपरवर उलटा पिंपळ रंगवला. फांदीफांदीवर बैलगाड्या. अक्कांनी तो टेबलामागच्या भिंतीवर चिकटवला. शेती अधिकारी हिरेमठसाहेब, म्हणजे वीरभद्र हिरेमठ, आमचे वरिष्ठ. ते बराच वेळ त्या चित्रासमोर मान वाकडी करून उभे राहिले आणि तशाच वाकड्या मानेनं निघून गेले.

एका दुपारी मी काट्यावरनं कसलासा कागद द्यायला आत गेलो, तर अक्का पडद्याला शिव्या देत होत्या.

“श्रीशैल, बघ रं हे. मी यंत्रात ‘जा’ नावाचा एक छोटा कागद लिवला. त्यात एकच ओळ, कुरुंदवाडात जा. मी ‘जा’ म्हटलं. आता विचारतो, कुठं हाय, तर म्हणतंय उसात. गेलंच न्हाय!”

“बिघडलं असंल.”

“बिघडायला ते काय पंप हाय?”

त्यांनी त्या कागदात दुसरी ओळ घातली, पोचल्यावर कुठं आहेस ते सांग. पुन्हा ‘जा’ म्हटलं. पडद्यावर उमटलं, कुरुंदवाड. बाहेर येऊन विचारलं, तर ऊस. आत कुरुंदवाड, बाहेर ऊस. अक्कांनी पुण्याला फोन लावला. पलीकडून बेहेरे दहा मिनिटं बोलत होते आणि इकडं अक्कांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. फोन ठेवला आणि टेबलावर थाप मारली.

“कळलं! मी ‘जा’ म्हटलं की यंत्र एक लेक जन्माला घालतंय. ती लेक आईच्या जागेवरनं निघते, कुरुंदवाडला जाते, तिथं तिचं काम संपतं आणि ती पण संपते. आई हाय तिथंच! लेक गेली म्हणून आई कशी हलंल? जिला जायचं तिनं स्वतःच अर्ज द्यायचा.”

“कुणाला अर्ज?”

“कर्नलला.”

यंत्राच्या पोटात सगळ्यांच्या वरचा जो कारभारी प्रोग्राम असतो, त्याला इंग्रजीत कर्नल म्हणतात. स्पेलिंग मिल्ट्रीतल्या कर्नलहून वेगळं, उच्चार तोच. अक्कांचे दोन दीर मिल्ट्रीत. त्यामुळं हे नाव ऐकल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर जी मिशी उभी राहिली, ती कधी गेलीच नाही. त्या नेहमी कर्नलसाहेबच म्हणायच्या. कुठल्याही प्रोग्रामला स्वतःच्या पायानं हलता येत नाही, त्यानं कर्नलसाहेबांना हाक मारून विनंती करायची, साहेब, मला अमक्या कप्प्यात उभं करा. त्या विनंतीचं स्पेलिंग सी एच डी आय आर. अक्का म्हणायच्या ‘चडिर’. साहेब जागा बदलून देतात आणि उलट उत्तर पाठवतात. काम झालं तर शून्य, नाही झालं तर उणे एक.

“शून्य म्हंजे पास!” अक्का डोळे पुसत म्हणाल्या. “आमच्या पोरीला, दीपाला गणितात शून्य पडलं तवा उगंच बदडलं बघ तिला!”

त्या दिवशी त्यांनी आपला पहिला सी प्रोग्राम लिहिला. पाच ओळींचा. कुरुंदवाडात जायची विनंती करायची आणि साहेबांचं उत्तर छापायचं. पडद्यावर शून्य आलं तेव्हा अक्कांनी उठून साऱ्या ऑफिसला बत्तासे वाटले. विचारलं तर म्हणाल्या, पास झालो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे नव्याण्णवच्या जानेवारीतली ती सकाळ.

हंगाम ऐन भरात होता. तळावर अडीचशेच्या वर गाड्या, गाडीला गाडी लागलेली. तोवर अक्का एकेका गटाचा आकडा दाबून एकेक यादी काढायच्या. आदल्या दिवशी कंपनीनं माणूस पाठवून नवा प्रोग्राम बसवला होता, जुना पुसून. आता एकदाच बटण दाबायचं, साती गटांच्या याद्या सलग छापून येणार. हातानं लिहायची वही त्या वर्षापासून बंदच झाली होती.

नऊ वाजले. प्रिंटर किरकिरला. सात पानं बाहेर आली. अक्कांनी माइक चालू केला. बैल उठले.

“कुरुंदवाड गट. जोतीराम कोळेकर, काट्यावर या. त्यांच्या मागनं...” अशी पंधरा-सोळा नावं झाली. जोतीरामनं गाडी हाकली, माझ्या काट्यावर आणली. मी वजन घेतलं, गाडी पुढं गेली. अक्कांनी दुसरं पान घेतलं.

“नांदणी गट. जोतीराम कोळेकर, काट्या...”

भोंगे गप्प झाले. मग चारी भोंग्यांतून अक्कांचा आवाज आला, “हा हितं कसा?”

माइक चालूच होता. कागद उलटल्याचा खळखळाट ऐकू आला. “शिरढोण गट. जोतीराम... अगं बाई. हेरवाड गट. जोतीराम!” आणि मग हसू. आधी नाकातून, मग मोकळं. अडीचशे गाड्यांच्या तळावर त्रिशलाक्कांचं हसू चार भोंग्यांतून कोसळत होतं, आणि ते ऐकून गाडीवान हसायला लागले, का हसतोय ते माहीत नसताना. मीही काट्यावर पोट धरून बसलो.

जोतीराम गाडी सोडून खिडकीशी धावला. “अक्का, मला सात गावांत वाटून टाकलं का काय?”

“तुझं नशीब फळफळलं जोतीराम, सात गावचा जावई झालास!”

पण हसू फार वेळ टिकलं नाही. नांदणीचे लोक खिडकीवर आले, “आमच्या यादीत कुरुंदवाडचा माणूस का? आमचा नंबर कुठाय?” त्यांच्या मागनं शिरढोणचे, हेरवाडचे. हिरेमठसाहेब धावत आले. गव्हाणीवर, म्हणजे ऊस टाकायच्या त्या लांबलचक सरकत्या पट्ट्यावर, जेमतेम तासाभराचा ऊस होता. गव्हाण रिकामी पडली की मिल थांबते, आणि थांबलेली मिल पुन्हा चालू करायची म्हणजे दिवसाची माती. साहेबांनी हुकूम दिला, “येईल ती गाडी घ्या!” त्यासरशी चाळीस गाड्या एकदम फाटकात घुसल्या आणि एकमेकींत अशा अडकल्या, की पुढं एक जाईना, मागं एक येईना.

साहेबांनी पुण्याला फोन लावायला सांगितलं. कंपनीतल्या कुणीतरी सल्ला दिला, यंत्र बंद करून चालू करा. केलं. सात पानं आली. साती पानांवर जोतीराम. कंपनी म्हणाली, उद्या दुपारपर्यंत बेहेऱ्यांना पाठवतो.

“उद्या?” साहेबांनी कपाळाला हात लावला.

“साहेब, मी बघू का?” अक्का म्हणाल्या.

“बाई, तुमी फोन सांभाळा. कंपनीशी करार हाय. त्यांच्या प्रोग्रामला हात लावायचा न्हाय.”

“हात न्हाय लावत. नुसतं डोळ्यांनी वाचतो.”

वाचायला कसली बंदी? नवा प्रोग्राम आमच्याच यंत्रावर तयार केल्यामुळं त्याचा मूळ लिहिलेला मजकूर तिथंच होता. तो अक्कांनी पडद्यावर आणला आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. गाड्या अडकल्यामुळं माझा काटा रिकामा, म्हणून मी खिडकीशी उभा. साती कप्प्यांत ‘नंबर’ याच एका नावाची फाइल होती, आणि तिच्यात आलेल्या गाड्यांची नुसती कच्ची नोंद. कुणाची पाळी कधी, तो हिशेब प्रोग्रामच लावायचा. त्यामुळं फाइल तशीच छापून भागणारं नव्हतं.

“कुरुंदवाडात जा. नंबर उघड, यादी लाव, छाप. नांदणीत जा. नंबर उघड...” अक्का पुटपुटत होत्या. “बरोबर तर हाय सगळं.” मग एकदम माझ्याकडं वळल्या. “श्रीशैल, आत ये. तू प्रोग्राम.”

“व्हय.”

“मी कर्नल. आणि ही वऱ्हांड्यातली रेकॉर्डची खोली म्हंजे कुरुंदवाड. पलीकडची टपालाची खोली म्हंजे नांदणी. मला अर्ज दे.”

खिडकीवर नांदणीची पंधरा माणसं उभी, आणि मी वऱ्हांड्यात सावधान. “साहेब, मला कुरुंदवाडात उभं करा.”

“जा. शून्य.”

मी रेकॉर्डच्या खोलीत गेलो. आतून ओरडलो, “पोचलो!”

“समोर काय कागद हाय तो वाच!”

“खतवाटप, सन एकोणीसशे एक्क्याण्णव!”

“आता नांदणीचा अर्ज दे. पण ध्यानात ठेव, तुला बाहेर पड असं कुणी सांगितलेलं न्हाय. तू हायस तिथनंच आत नांदणी हुडकायची.”

मी चौफेर बघितलं. “साहेब, मला नांदणीत... अक्का, हितं कुठली नांदणी? हितं कपाट हाय!”

“मग माझं उत्तर, उणे एक! ऐकलंस?”

“ऐकलं!”

“न्हाय ऐकलंस! तू ठार बहिरा हायस! तुला उत्तर ऐकायचं शिकवलेलंच न्हाय! पुढचं काम कर. समोरचा कागद वाच!”

“खतवाटप, सन एकोणीसशे एक्क्याण्णव.”

तोच वऱ्हांड्यातून अशी किंकाळी आली, की मी दार आपटून बाहेर पळालो. बघतो तर अक्का दोन्ही हात वर करून उड्या मारत होत्या. बेचाळिशीला टेकलेली बाई, पदर कमरेला खोचलेला, आणि उड्या.

“ते कुरुंदवाडातनं बाहेरच येत न्हाय! कुरुंदवाडाच्या पोटात नांदणी हुडकतंय, मग शिरढोण हुडकतंय! कर्नलसाहेब दर खेपेला न्हाय म्हणत्यात आणि हे बेनं ऐकतच न्हाय. जिथं हाय तिथलीच नंबरची फाइल परत उघडतंय!”

“मग इतके दिवस कसं चाललं?” हिरेमठसाहेब दारात येऊन उभे होते, ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

“इतके दिवस मी एकेक गट काढत होतो साहेब. दर खेपेला प्रोग्राम नव्यानं जन्माला यायचा, उसाच्या दारातनं सुरू व्हायचा, एकाच गावाला जायचा आणि संपायचा. आता एकाच जन्मात सात गावं करायची हायत.”

“दुरुस्त हुईल?”

“दोन ओळींचं काम हाय. नुसतं नांदणी असं म्हणायचं न्हाय. मुळापासनं पुरा पत्ता द्यायचा. मूळ, मग ऊस, मग नांदणी. म्हंजे कुठंबी उभा असू दे, बरोबर पोचतंय. आणि कर्नलसाहेबांचं उत्तर ऐकायचं. उणे एक आलं तर गप थांबायचं आणि सांगायचं, पोचलो न्हाय म्हणून.”

हिरेमठसाहेबांनी गव्हाणीकडं बघितलं, फाटकातल्या गुंत्याकडं बघितलं. “पण तो करार...”

“त्यांच्या प्रोग्रामला मी बोटबी लावत न्हाय. माझ्या नावाचा कप्पा हाय यंत्रात. त्यात नक्कल घेतो आणि नकलेत दुरुस्ती करतो. माझ्या घरात मी कायबी करीन.”

साहेबांनी हातातलं घड्याळ बघितलं. मग म्हणाले, “मी जेवायला गेलोय असं समजा,” आणि दारातच उभे राहिले.

अक्का टाइप करायला लागल्या. टायपिंगच्या परीक्षेत मिळवलेला वेग त्या दिवशी सगळ्या तळानं बघितला, कारण खिडकीत आता डोकी मावत नव्हती. जोतीराम सगळ्यांना समजावून सांगत होता, “माझंच काम चाललंय, मला सहा गावांतनं काढायलेत.”

पहिल्यांदा यंत्रानं नकार दिला, एक अर्धविराम राहिला होता. घातला. दुसऱ्यांदा प्रोग्राम तयार झाला. अक्कांनी चालवला. कुरुंदवाडचं पान आलं. खिडकीतली डोकी आणखी आत आली. प्रिंटर थांबला. पडद्यावर ओळ उमटली, नांदणीला पोचलो नाही.

“गेलं,” साहेब म्हणाले.

अक्का मात्र खुशीत. “गेलं कसलं! बघा की, आता ते खरं बोलायला लागलं!” त्यांनी ऊस कप्प्यातली यादी बघितली, डोळे बारीक केले आणि पुन्हा एकदा पाण्याच्या तांब्याची वेळ आली. आमच्या कप्प्याचं नाव इंग्रजीत लिहिताना नांदणीच्या ‘नां’ला एकच ए घातला होता. कंपनीनं नव्या प्रोग्राममध्ये दोन घातले होते. “पुण्याची नांदणी आणि आमची नांदणी वेगळी हाय!”

जादा ए काढला. चालवला. प्रिंटर किरकिरायला लागला आणि थांबेचना. एक, दोन, तीन. खिडकीतली माणसं मोठ्यानं मोजत होती. सातवं पान बाहेर आलं तेव्हा अक्कांनी दुसरं पान वर धरलं, पहिलं नाव वाचलं, आणि माइक चालू केला.

“नांदणी गट. कृष्णात ऐनापुरे, काट्यावर या.”

असा काही ओरडा उठला, की दूरवरचे पेंगुळलेले बैलसुद्धा उभे राहिले. फाटकातला गुंता सोडवायला नांदणीवाले आणि कुरुंदवाडवाले एकत्र लागले, जुवांना हात घालून गाड्या मागं रेटल्या. पंधरा मिनिटांत कृष्णातची गाडी माझ्या काट्यावर आली. गव्हाणीवर तेव्हा पाचटाच्या दोन-चार काड्या तेवढ्या सरकत होत्या. मिल थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेहेरे आले. अक्कांच्या नकलेसमोर बसले, वर-खाली वाचलं, कान लाल झाले.

“मॅडम, उत्तर तपासायचं मी विसरलो.”

“आणि दोन ए?”

“ते पण माझेच.”

“असू दे. जेवलायसा का?”

अक्कांनी डबा उघडला. भाकरी, खर्डा, दही. बेहेऱ्यांनी जेवता जेवताच अक्कांची नक्कल मूळ जागी बसवून टाकली. पुढच्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. सुधारित प्रोग्राम त्यांच्या बाकीच्या कारखान्यांनाही पाठवलाय, दुरुस्ती करणाऱ्या त्रिशला मगदूम यांचं नाव आत लिहिलंय. साहेबांनी ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि त्यांना करार आठवला नाही.

दोन हजार एकच्या सुरुवातीला अक्कांना संगणक विभागात घेतलं. टेलिफोनच्या बोर्डावर दुसरी बाई आली. माइक मात्र अक्कांनी हट्टानं आपल्याकडंच ठेवला, आणि यादी पुकारायला रोज सकाळी त्या काचेच्या खोलीतून अनवाणी पळत यायच्या. रविवारी बावड्यात घराच्या माडीवर बायकांना शिकवायला लागल्या. एकच जुना संगणक, समोर सतरंजीवर नऊ-दहा जणी. त्यातली शालूबाई शेवया करून विकायची, तिनं तिसऱ्या महिन्यात आपल्या गिऱ्हाइकांची यादी स्वतः तयार केली आणि अक्कांना बघायला घेऊन आली. अक्कांना त्या यादीचा इतका आनंद झाला, की त्यांनी भूपालसरांकडून यादीच्या चौफेर वेलबुट्टी काढून घेतली.

दोन हजार तीनच्या हंगामाला संचालक मंडळानं ठरवलं, की हंगाम सुरू करायची पहिली मोळी गव्हाणीत कामगारांतल्या कुणाच्या तरी हातून टाकायची. चिठ्ठी काढायची गरजच पडली नाही. नारळ फुटला, भोंगा झाला, अध्यक्ष, संचालक, सगळे गव्हाणीच्या कठड्याशी रांगेत. अक्कांनी हिरवंगार लुगडं नेसलं होतं. उसाची मोळी दोन्ही हातांनी उचलली, “जय जिनेंद्र!” म्हणून ओरडल्या आणि अशी काही जोरात फेकली, की उसाच्या पाल्यात अडकून त्यांचा चष्माही मोळीबरोबर गेला.

“थांबवा! थांबवा!” हिरेमठसाहेब ओरडले. पट्टा थांबला. हंगाम सुरू होऊन अर्धं मिनिट झालं नव्हतं. मग फेट्यातले अध्यक्ष, दोन संचालक आणि मी गव्हाणीत उतरलो आणि उसाची टिपरी बाजूला सारत चष्मा हुडकायला लागलो. वर कठड्याला धरून अक्का हसत होत्या. त्यांना काही दिसत नव्हतं, तरी त्या डावीकडं बघा, उजवीकडं बघा असं सांगत होत्या. अध्यक्षांना चष्मा सापडला. काच शाबूत होती, दांडीत पाल्याचा तुकडा अडकलेला. अक्कांनी तो तसाच डोळ्यांवर चढवला आणि पट्टा पुन्हा चालू झाला.